झिंग्यांचा वास आणि हसण्याचा हक्क

चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपन्याच्या आठवडी बाजारात सुक्या मासोळीचं दुकान कोणाला विचारावं लागत नाही, नाकच तिथे नेतं. झिंगे, सुकट, बोंबील पोत्यांवर मांडलेले असतात. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. त्यातही मुंबईपेक्षा बंगालचा उपसागर जवळचा. तरीही पावसाळा तोंडावर आला की सुक्या मासोळीचा डबा भरून ठेवायची रीत आहे. भाजीपाला महागला की वांग्यात मूठभर झिंगे पडतात आणि भाकरीची सोय होते. झिंगे तव्यावर पडले की आख्ख्या मोहल्ल्याला बेत कळतो. मग शेजारीण वाटी घेऊनच येते आणि तिची थट्टाही होते. घरातल्या हडकुळ्या पोराला ‘सुकट’ म्हणतात, पण त्या नावाने कोणी दुखावत नाही.

वासाच्या मासळीवर हसण्यात नॉर्वेच्या लोकांचा हात धरणारं मात्र कोणी नाही. त्यांचा लूटफिस्क हा पदार्थ म्हणजे वाऱ्यावर लाकडासारखा कडक वाळवलेला कॉड मासा. तो आधी कित्येक दिवस पाण्यात, मग कॉस्टिक सोड्याच्या किंवा राखेच्या तीव्र क्षारात भिजवतात. त्या अवस्थेत तो खाल्ला तर घसा भाजेल, म्हणून पुन्हा काही दिवस पाणी बदलत राहायचं. शेवटी हाती येतो तो थरथरणारा, अर्धपारदर्शक गोळा.

अमेरिकेतल्या मिनेसोटात स्थायिक झालेल्या नॉर्वेजियन वंशजांनी या गोळ्यावर विनोदांचं एक दालनच उभारलं आहे. अर्धे नॉर्वेजियन लूटफिस्कच्या तावडीतून सुटायला अमेरिकेत आले आणि उरलेले अर्धे त्याचा प्रचार करायला, हा त्यातला जुना विनोद. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्याने तर कामगारांना विषारी पदार्थांची माहिती देण्याच्या कायद्यात, विषारी पदार्थांच्या व्याख्येतून लूटफिस्कला नाव घेऊन वगळलं आहे. कायद्याच्या पुस्तकात असा डोळा मिचकावलेला क्वचितच सापडतो. मिनेसोटातलं मॅडिसन हे गाव स्वतःला लूटफिस्कची राजधानी म्हणवतं आणि तिथे कॉडचा भलामोठा पुतळा उभा आहे.

हे हसू त्यांना परवडतं, कारण त्या माशामागची गरिबी आता आजोबा-पणजोबांच्या गोष्टींत उरली आहे. चर्चच्या सभागृहात वर्षातून एकदा रांग लावून तो खायचा, नाकं मुरडायची आणि पुन्हा वाढून घ्यायचा. खाणारा तोच, हसणाराही तोच. कोरपन्यात झिंगे अजून रोजच्या हिशेबातले आहेत. इथल्या पोराला शिकायला किंवा नोकरीला नागपूर-पुण्यात खोली घ्यावी लागते, तेव्हा विनोद परक्याच्या तोंडी जातो. ‘नॉनव्हेज चालत नाही’ ही अट घरमालक हसत हसत सांगतो. त्या हसण्याला पुष्कळदा जातीचा वास असतो, आणि तो झिंग्यांपेक्षा उग्र असतो. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या 2015च्या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलितांच्या ताटाची नोंद केली, तेव्हा मराठी खाद्यलेखनाने किती ताटं वगळली होती ते लख्ख दिसलं.

वास खरा आहे, हे मान्यच करायला हवं. मासा मेल्यावर जिवाणूंच्या क्रियेतून त्यात ट्रायमिथाइलअमाइन तयार होतं आणि ते नाकाला झोंबतं. पण हिंगातली गंधकाची संयुगंही काही मोगऱ्याची नव्हेत. हिंगाच्या डब्यावरून भाडेकरूची चौकशी झाल्याचं कोणी ऐकलं आहे का?

वासामुळे घर सोडावं लागल्याचं एक प्रसिद्ध प्रकरण जर्मनीतलं आहे. 1981 मध्ये एका भाडेकरूने स्वीडनच्या आंबवलेल्या हेरिंगचं, म्हणजे सुरस्ट्रॉमिंगचं, पाणी इमारतीच्या जिन्यात सांडलं. मालकाने त्याला काढलं. प्रकरण न्यायालयात गेलं, तिथे मालकाच्या बाजूने डबा उघडून दाखवण्यात आला आणि निकाल मालकाच्या बाजूने लागला. तो निकाल पटण्यासारखा आहे, कारण भाडेकरूने ते पाणी दुसऱ्यांच्या वाटेवर ओतलं होतं. कोरपन्याहून पुण्याला गेलेला पोरगा आपल्या खोलीत, आपल्या तव्यावर, आपल्या जेवणापुरते झिंगे भाजत असतो.