दहा नंबरची जर्सी आणि कचारगडची किंगरी

एखाद्याच्या मृत्यूला मराठीत ‘अकाली’ म्हटले जाते, तेव्हा त्या एका विशेषणात एक मोठे तात्त्विक विधान दडलेले असते: प्रत्येक आयुष्याला त्याचा असा काळ असतो, आणि हा मृत्यू त्या काळाच्या अगोदर येऊन ठेपला. शोकसभेत हे विधान कोणी तपासून पाहत नाही आणि तेथे ते तपासूही नये. परंतु धर्मविचाराला त्यापासून सुटका नाही, कारण मृताचे स्मरण कोणत्या रीतीने करावे हे अखेर त्याच्या आयुष्याला आपण अपुरे मानतो की पुरे मानतो यावर ठरते. अपुरे मानले तर त्याची जागा मोकळी ठेवणे न्याय्य वाटते. पुरे मानले तर त्याला पूर्वजांच्या ओळीत नेऊन बसवावे लागते. या दोन रीतींचा विचार करण्यासाठी येथे दोन मृत्यू शेजारी शेजारी ठेवले आहेत. एक गोव्यातील क्लबकडून खेळणाऱ्या फुटबॉलपटूचा आहे, तर दुसरा गोंदिया जिल्ह्यातील दरेकसाजवळच्या एका गुहेशी जोडलेल्या कथेतील वादकाचा आहे.

क्रिस्तियानो ज्युनियर हा ब्राझीलचा आघाडीचा खेळाडू २००३-०४ च्या हंगामात कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडून खेळला, त्या वर्षीच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये सर्वाधिक गोल त्याचेच होते आणि विजेतेपदही त्याच्या संघाला मिळाले. पुढच्या हंगामात तो गोव्याच्या डेम्पो स्पोर्ट्स क्लबमध्ये आला. ५ डिसेंबर २००४ रोजी बेंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना मोहन बागानविरुद्ध झाला. त्यात डेम्पोचा एक गोल त्याने आधीच केला होता, आणि सामना संपायला थोडाच वेळ उरला असताना दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी त्याची धडक झाली. चेंडू जाळ्यात गेला आणि तो मैदानावर कोसळला. रुग्णालयात त्याला मृत घोषित करण्यात आले, तेव्हा त्याचे वय पंचवीस वर्षांचे होते. डेम्पोने त्याची दहा नंबरची जर्सी ‘निवृत्त’ केली. म्हणजे तो क्रमांक यापुढे क्लबच्या कोणत्याही खेळाडूला द्यायचा नाही असे ठरवले. ही प्रथा त्या काळात फुटबॉलच्या जगात नवी राहिली नव्हती. जून २००३ मध्ये ल्यों येथे कॅमेरूनचा मार्क-व्हिव्हियन फोए खेळता खेळता गेला, तेव्हा मँचेस्टर सिटीने त्याचा तेवीस नंबर बाजूला ठेवला, आणि जानेवारी २००४ मध्ये हंगेरीच्या मिक्लोश फेहेरच्या मृत्यूनंतर पोर्तुगालच्या बेनफिका क्लबने त्याचा एकोणतीस नंबर निवृत्त केला.

दुसरा मृत्यू इतिहासाच्या तारखांत बसणारा नाही. हावडा-मुंबई लोहमार्गावर महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, सालेकसा तालुक्यात, दरेकसा हे लहान स्थानक आहे. तेथून जवळच धनेगावच्या बाजूला डोंगरात कचारगडची गुहा आहे, आणि माघ पौर्णिमेला महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा अशा राज्यांतून गोंड समाजाचे भाविक तेथे यात्रेला येतात. कोया पुनेम, म्हणजे गोंडी धर्ममार्ग, याचे उगमस्थान म्हणून ते या गुहेकडे पाहतात. मोतीरावण कंगाली यांच्यासारख्या अभ्यासकांनी ग्रंथरूप दिलेल्या परंपरेनुसार कली कंकालीची तेहतीस मुले या गुहेत कोंडली गेली होती आणि तोंडाशी प्रचंड शिळा होती. जंगो रायताड आणि पारी कुपार लिंगो यांनी त्यांच्या सुटकेचा ध्यास घेतला, आणि हिरासुका पाटालीर या वादकाने किंगरीवर असा सूर धरला की आत खितपत पडलेल्या मुलांच्या अंगात बळ आले व त्यांनी सगळ्यांनी मिळून ती शिळा लोटून दिली. मुले बाहेर आली, पण गडगडलेल्या शिळेखाली हिरासुका चिरडला गेला. पुढे त्या मुलांना लिंगोने धर्म शिकवला, त्यांची सगांमध्ये, म्हणजे कुळांच्या गटांमध्ये, विभागणी केली, आणि गोंडी समाजव्यवस्था उभी राहिली. ती उभी राहिलेली पाहायला वादक मात्र नव्हता.

एक घटना वृत्तपत्रांनी नोंदवलेली आहे आणि दुसरी श्रद्धेने जपलेली आहे, तेव्हा त्यांना एकाच मापाने मोजणे चूक ठरेल. तथापि दोहोंचा आकार सारखा आहे, आणि तो आकारच विचाराला भाग पाडतो: ज्या कृतीने काम तडीस गेले त्याच कृतीने कर्त्याचा प्राण घेतला.

मृत्यूचा काळ ठरलेला असतो काय, या प्रश्नाचा भारतीय परंपरेतील सर्वांत व्यवहारी ऊहापोह धर्मशास्त्रात नव्हे, तर वैद्यकात सापडतो. चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात अग्निवेश आपल्या गुरूला, आत्रेयाला, नेमके हेच विचारतो, आणि आत्रेय त्याला गाडीच्या आसाचा, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्याचा, दृष्टान्त देतो. चांगल्या लाकडाचा आस नीट वापरला तर आपल्या ताकदीप्रमाणे झिजत झिजत योग्य वेळी निकामी होतो, आणि तो त्याचा काळमृत्यू. पण तोच आस गाडीवर बेसुमार ओझे लादल्याने, खाचखळग्यांच्या वाटेने किंवा वाटच सोडून हाकल्याने, चाक मोडल्याने, बैलाच्या वा गाडीवानाच्या दोषाने, खीळ निघाल्याने, वंगण न घातल्याने किंवा गाडी उलटल्याने मध्येच मोडतो, आणि तो अकाळमृत्यू. आत्रेयाचे म्हणणे एवढ्यावर थांबत नाही. सर्वांचेच आयुष्य आधीपासून पक्के ठरलेले असते तर औषधोपचारांना, पथ्याला, पिसाळलेल्या हत्तीच्या वाटेतून बाजूला होण्याला काहीच अर्थ उरला नसता, असे तो बजावतो. आयुष्य दैव आणि पुरुषकार, म्हणजे पूर्वकर्म आणि या जन्मीचा प्रयत्न, या दोहोंच्या मेळातून ठरते. जैन विचारानेही हा फरक मान्य केला आहे. तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी ज्यांचे आयुष्य मध्येच तुटू शकत नाही अशा देव, नारकी आदी मोजक्या वर्गांची यादी येते, आणि सामान्य माणूस त्या यादीत नाही.

चरकाच्या दृष्टान्ताचे मोल असे की तो शोकाला जबाबदारीपासून सुटू देत नाही. ‘नियतीने नेले’ हे वाक्य आपल्याकडे श्रद्धांजलीत सहज येते, आणि ते म्हणणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण ज्या मैदानावर हजारो लोक सामना पाहायला बसतात तेथे हृदय थांबलेल्या खेळाडूपाशी पहिल्या दोनतीन मिनिटांत कोण पोहोचणार, त्याच्या हातात काय असणार, हृदयाला विजेचा धक्का देणारे यंत्र कोठे ठेवलेले असणार, हे प्रश्न नियतीचे नाहीत. ते वंगणाचे आणि खिळीचे प्रश्न आहेत. बेंगळुरूच्या त्या सामन्यानंतर मैदानावरील वैद्यकीय सोयींवर कडक टीका झाली, ती चरकाच्याच बाजूने बोलत होती, मग टीकाकारांना चरक ठाऊक असो वा नसो.

ग्रीक परंपरेत एपिक्युरसने मृत्यू हा मृताच्या दृष्टीने अनिष्ट नाहीच असा युक्तिवाद केला, कारण अनिष्ट भोगायला त्या वेळी कोणी शिल्लकच नसते. युक्तिवाद चोख आहे, पण तरुण खेळाडूच्या तिरडीपाशी तो कोणाला पटलेला नाही, आणि ते न पटणे ही निव्वळ भावनेची गल्लत नाही. थॉमस नेगेल या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९७० साली दाखवून दिले की मृत्यूचे वाईटपण भोगण्यात नसून हिरावण्यात आहे: माणूस जगता तर जे चांगले त्याच्या वाट्याला येते ते येत नाही, ही हानी त्याचीच असते. डेम्पोच्या बाबतीत ती हानी मोजूनही दाखवता येते. त्याच हंगामात, २००४-०५ मध्ये, क्लबने राष्ट्रीय लीग प्रथमच जिंकली, आणि तेव्हापासून २०११-१२ पर्यंतच्या आठ हंगामांत, लीगचे नाव मध्येच बदलले तरी, देशाचे विजेतेपद पाच वेळा डेम्पोकडे आले. पंचविशीतला खेळाडू या साऱ्यात असू शकला असता.

असे असले तरी हिरावलेल्याची यादी म्हणजे स्मरण नव्हे; फार तर ती तक्रार आहे. स्मरणाचा खरा प्रश्न मृत व्यक्ती आता कोण आहे हा असतो, आणि त्याला गोंड परंपरेने दिलेले उत्तर अधिक बारकाईने पाहण्याजोगे आहे. मानवशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेन्डॉर्फ यांनी आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये नोंदवलेल्या कल्पनेनुसार माणसात दोन गोष्टी वेगळ्या असतात: एक ‘जीव’, म्हणजे भगवानाने गर्भात पाठवलेले जीवनसत्त्व, जे मृत्यूच्या वेळी परत बोलावले जाते; आणि दुसरे ‘सनाल’, म्हणजे मृताचे व्यक्तिमत्त्व, जे पूर्वजांमध्ये जाऊन मिळते. आयुष्याची मर्यादा जीवाला आहे. सनालला मर्यादा नाही, मात्र त्याचे पूर्वजांत जाणे आपोआपही घडत नाही. ते नातेवाइकांना विधीने घडवावे लागते.

हा विधी कसा असे याचे एक चित्र रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ सालच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात आढळते. घरचे लोक नदीकाठी जातात, मृताला त्याच्या नावाने हाक मारतात, मग पाण्यात उतरून एखादा मासा किंवा किडा पकडतात, आणि तो मृताचा आत्माच आहे या भावाने घरी आणून पूर्वजांच्या स्थानी ठेवतात. काही ठिकाणी तो खाल्ला जातो, म्हणजे मृत पुन्हा मूल होऊन घरात जन्म घेईल अशी समजूत असते. प्रदेशागणिक आणि कुळागणिक या चालींत पुष्कळ भेद आहेत, आणि शंभर वर्षांपूर्वीची नोंद आजच्या सालेकसा तालुक्याला जशीच्या तशी लावणे योग्य होणार नाही. तरीही हातात वळवळणारा तो लहानसा मासा विसरता येत नाही. मृताचे स्मरण येथे मनात करायची गोष्ट राहत नाही. गुडघाभर पाण्यात उभे राहून, नाव घेऊन, शोधून, धरून आणायची ती गोष्ट होते.

ब्राह्मणी परंपरेतील सपिंडीकरणही, म्हणजे प्रेताचा पिंड पितरांच्या पिंडांत मिसळण्याचा विधी, याच जातीचे आहे. त्या विधीपर्यंत मृत ‘प्रेत’ असतो, नंतर ‘पितर’ होतो. श्राद्धात तीन पिढ्यांपर्यंत त्याचे नाव घेतले जाते आणि पुढे तो नावाशिवाय ओळीत राहतो. दोन्हीकडे मृताला आत घेतले जाते. जर्सी निवृत्त करण्याच्या प्रथेत याच्या नेमके उलटे घडते: मृताची जागा तोडून वेगळी काढली जाते, आणि ती पुन्हा भरू नये याची काळजी घेतली जाते.

येथे एक योगायोग ध्यानात घेण्यासारखा आहे. गोंड समाजात कुळांचे गट, ज्यांना ‘सगा’ म्हणतात, ते देवांच्या संख्येवरून ओळखले जातात. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी ती ओळख, आणि सोयरीक जुळवताना ती आधी विचारली जाते. फुटबॉलच्या संघातही माणूस क्रमांकावरून ओळखला जातो. पण सात देव्यांच्या कुळातला माणूस मेला तर सात हा आकडा त्याच्याबरोबर जात नाही. तो मृत त्या सातांतच राहतो, आणि उद्या जन्मणारे मूलही त्याच सातांत येते. संघाने मात्र दहा हा आकडा एकाच माणसाचा करून टाकला, त्यामुळे तो आकडा वारसा होण्याऐवजी मालमत्ता झाला.

हिरासुकाच्या किंगरीचे असे झाले नाही. किंगरी हे गजाने वाजवायचे तंतुवाद्य. गोंडांचे कुळगायक असलेले प्रधान आपली वादनपरंपरा हिरासुकाशी जोडतात, आणि देवपूजेत हे वाद्य वाजल्याशिवाय कथा पुढे सरकत नाही. वादक शिळेखाली गेला म्हणून किंगरी खुंटीला टांगून ठेवावी असे कोणी म्हटले नाही. त्याच्या मृत्यूचा मान राखायचा तर ती वाजलीच पाहिजे, असा या परंपरेचा निवाडा आहे, आणि रिकाम्या जर्सीपेक्षा तो अधिक खोल आहे असेच म्हणावे लागते.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो वजनदार आहे. विधी करायला नाते लागते. प्रधानांना हिरासुका आपला म्हणता येतो, पण सातासमुद्रापलीकडून कराराने आलेल्या खेळाडूचा गोव्यात सगा कोण? ज्यांना त्याचा देह ब्राझीलला पाठवावा लागला, त्यांनी क्रमांक रिकामा ठेवला, तर परक्याला परकेपणाचा मान देणारी ती प्रामाणिक कृती नव्हती काय? हा आक्षेप निम्मा मान्य करावा लागेल. उरलेल्या निम्म्याचे उत्तर कचारगडच्या कथेतच आहे. ती तेहतीस मुले काही हिरासुकाची नव्हती. नाते आधी होते म्हणून त्याने किंगरी हाती घेतली असे कथा सांगत नाही. शिळा हलली आणि त्यानंतर नाते झाले.

ज्ञानेश्वरांनी एकविसाव्या वर्षी आळंदीला समाधी घेतली, आणि वारकरी संप्रदायाने तिला कधी ‘अकाली’ म्हटले नाही. अर्थात समाधी पत्करलेली असते आणि धडक अंगावर येते, हा भेद पुसता येत नाही. परंतु वर्षांचा आकडा हे आयुष्याच्या पूर्णतेचे माप नव्हे, एवढे तरी त्या उदाहरणाने ठरते. क्रिस्तियानोचे आयुष्य चरकाच्या अर्थाने अकाळी मोडले, नेगेलच्या अर्थाने त्याचे पुष्कळ काही हिरावले गेले, आणि या दोन्ही गोष्टी सौम्य करून सांगण्याचे कारण नाही. मात्र कृती अपुरी राहिली असे कोणत्याच अर्थाने म्हणता येत नाही. त्या सामन्याचा निकाल डेम्पो दोन, मोहन बागान शून्य असा नोंदलेला आहे, आणि दोन्ही गोलांपुढे नाव एकाच खेळाडूचे आहे.