थांबलेल्यांचं गाव

दारात माणसं ताटकळत उभी आहेत आणि आत बसायला जागा नाही. अशा वेळी यजमान काय करतो, यावरून त्या घराचा स्वभाव कळतो. कुणी नंबर देऊन मोकळा होतो. कुणी बाहेर चार खुर्च्या टाकतो, पाणी विचारतो. आणि एखादा असा निघतो की ताटकळणाऱ्यांसाठी अख्खं गाव उभारतो.

असं गाव खरोखर उभं राहिलं. अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला, ब्यूना पार्क नावाच्या ठिकाणी. डिस्नेलँडपासून ते दहा-अकरा किलोमीटरवर आहे. लेकीसुनांकडे कॅलिफोर्नियाला गेलेली आपली मंडळी डिस्नेलँड हटकून पाहतात. शेजारच्या ‘नॉट्स बेरी फार्म’कडे सगळ्यांचीच पावलं वळतात असं नाही. पण त्याची गोष्ट सकाळच्या शांत वेळी मनात घोळवावी अशी आहे.

वॉल्टर आणि कॉर्डेलिया नॉट हे शेतकरी जोडपं १९२० साली तिथे आलं. वीस एकर जमीन खंडाने घेतली, बेरी लावल्या आणि रस्त्याच्या कडेला विकायला सुरुवात केली. जवळच्या अनाहाइममधल्या रुडॉल्फ बॉयसेन या गृहस्थांनी एक संकरित बेरी तयार करून पाहिली होती आणि मग तिचा नाद सोडून दिला होता. मरायला टेकलेली ती रोपं वॉल्टरने आणून जगवली. मोठी, जांभळी, आंबटगोड फळं आली. नाव द्यायची वेळ आली तेव्हा त्याने स्वतःचं आडनाव पुढे केलं नाही. ‘बॉयसेनबेरी’ म्हणूनच ती विकली आणि त्याच नावाने ती आजही ओळखली जाते.

महामंदीचे दिवस होते. घराला हातभार म्हणून जून १९३४ मध्ये कॉर्डेलियाने आपल्या लग्नातली चिनी मातीची भांडी काढली आणि आठ जणांना तळलेल्या कोंबडीचं जेवण वाढलं. ताटाला ६५ सेंट. त्या जेवणाची चव अशी पसरली की १९४० च्या सुमारास एकेका रविवारी चार हजार ताटं उठू लागली. लोक दूरदूरहून मोटारी हाकत यायचे आणि जेवायला बसण्याआधी तासन्‌तास उभे राहायचे.

या उभ्या माणसांचं काय करायचं, हा वॉल्टरपुढचा प्रश्न. त्याच्या आजोळची मंडळी छपराच्या गाड्यांतून वाळवंट तुडवत कॅलिफोर्नियात आली होती. ती कथा त्याने लहानपणापासून ऐकलेली. सोन्याचांदीच्या खाणी संपल्यावर ओस पडलेली गावं त्या मुलखात जागोजाग होती. त्याने तिथली जुनी लाकडी घरं सोडवून आणली, काही हुबेहूब नवी बांधली आणि १९४० पासून आपल्या खानावळीलगत एक ‘घोस्ट टाउन’ वसवायला घेतलं. लोहाराची भट्टी, घोडागाडी, वाळूतून सोन्याचे कण निवडायची जागा. १९५२ मध्ये कोलोरॅडोच्या डोंगरात धावलेली खरी वाफेची इंजिनं आली आणि गावाला रेल्वे मिळाली.

त्या गावात एक तुरुंग आहे. गजांआड ‘सॅड आय जो’ नावाचा पुतळा बसलेला असतो. तुम्ही जवळ गेलात की तो तुम्हाला चक्क नावाने हाक मारतो, तुमच्या गावाचा उल्लेख करतो. तुमच्याच सोबतच्या कुणीतरी हळूच बाजूला जाऊन माहिती पुरवलेली असते. एवढीशी गंमत, पण तिच्यामुळे परक्या गर्दीत उभ्या असलेल्या माणसाला क्षणभर वाटतं की इथे आपली कुणी दखल घेतली.

गावात यायला तेव्हा तिकीट नव्हतं. जेवायला आलेल्यांनी फिरावं, मुलांना आजोबा-पणजोबांचा काळ दाखवावा, आणि जेवणाची हाक आली की जावं, एवढाच हेतू. पुढे बड हर्लबट या कल्पक माणसाने स्वतःचे पैसे घालून १९६० मध्ये तिथे खाणीतल्या रेल्वेची सफर उभी केली आणि १९६९ मध्ये ओंडक्यांच्या होड्यांची. खाणसफरीची रांगसुद्धा त्याने अशी वळवून आत नेली की तिची लांबी बाहेरून कळू नये आणि उभ्या माणसाला खाणीची हवा लागावी. म्हणजे इथेही पहिला विचार उभ्या माणसाचाच.

याच वॉल्टरने मोहावी वाळवंटातलं कॅलिको नावाचं खरंखुरं ओस गाव १९५१ मध्ये विकत घेतलं. तरुणपणी त्याने तिथे मजुरी केली होती. ते डागडुजी करून उभं केलं आणि १९६६ मध्ये सॅन बर्नार्डिनो काउंटीला देऊन टाकलं. मालकीचा हाही एक अर्थ असतो: आपल्या हाती आलेली वस्तू आपल्यानंतर कुणाच्या हाती जाईल, याची काळजी करणं.

आता या गोष्टीत सोज्वळ मालक आणि दुष्ट कंपनी अशी सोपी वाटणी करू नये. कुंपण घातलं ते नॉट कुटुंबानेच, १९६८ मध्ये. तिकीटही त्यांनीच लावलं. १९७५ मध्ये प्रवाशांना उलटं फिरवणारा ‘कॉर्कस्क्रू’ नावाचा रोलर कोस्टर आला तोही त्यांच्याच काळात. कॉर्डेलिया १९७४ मध्ये गेली, वॉल्टर १९८१ मध्ये. मुलांनी पुढे काही वर्षं सांभाळलं. मग मुरंब्या-जॅमचा धंदा १९९५ मध्ये एका मोठ्या खाद्यकंपनीला विकला गेला आणि १९९७ च्या अखेरीस उद्यान ओहायोच्या ‘सीडर फेअर’ कंपनीकडे गेलं.

त्यानंतर आकाशरेषा बदलली. १९९८ मध्ये सुमारे ७७ मीटर उंचीवरून माणसांना खाली सोडणारा मनोरा उभा राहिला. २००२ मध्ये अडीच सेकंदांच्या आत ताशी १३० किलोमीटरचा वेग गाठणारा कोस्टर आला. १९५४ पासूनची झपाटलेली झोपडी, जिथे पाणी चढाकडे वाहतंय असं वाटायचं, ती २००० मध्ये पाडली. २००४ मध्ये आणखी एक कोस्टर तळ्यावरून न्यायचा होता, तेव्हा तळ्याकाठचं छोटं चर्च उचलून कुंपणाबाहेर नेलं. त्याच वर्षी डायनोसॉरची अंधारी सफर बंद झाली आणि ती इमारत २०१५ पर्यंत नुसती उभी राहिली.

यातला एकेक निर्णय तपासला तर त्याला कारण सापडतं. उंची मीटरमध्ये मोजता येते, वेग ताशी किलोमीटरमध्ये. त्याची जाहिरात लिहायला डोकं लागत नाही. भागधारकांच्या बैठकीत नवा कोस्टर दाखवता येतो, त्याने वाढलेली तिकिटं दाखवता येतात. पण तुरुंगातला ‘सॅड आय जो’ कुठल्या रकान्यात बसवणार? त्याच्या मागे बसून बोलणारा माणूस तेवढा पगाराच्या खात्यात दिसतो. त्याने हसवलेलं मूल कुठेच दिसत नाही. कंपनीचं मन वाईट असतं असं मी म्हणणार नाही. तिचे डोळे हिशेबाच्या वहीत असतात आणि वहीत जे उतरत नाही ते तिला दिसत नाही.

दिसू शकतं, याचाही पुरावा याच उद्यानात आहे. २०१३ मध्ये ओंडक्यांची सफर आणि २०१४ मध्ये खाणसफर कंपनीने मन लावून दुरुस्त केली. त्यांतल्या जुन्या बाहुल्या नव्या झाल्या, दृश्यं उजळली. २०१६ च्या उन्हाळ्यात घोस्ट टाउनच्या पंचाहत्तरीनिमित्त तिथे नट-नट्या गावकरी बनून वावरू लागले, पाहुण्यांना गावच्या भानगडींत ओढू लागले. लोकांनी ते उचलून धरलं. आतल्या कुणाला तरी जुन्या गावाचं मोल कळत होतं, आणि ज्यांच्या हाती पैसा होता त्यांनी त्याचं ऐकलं. त्यामुळे कंपनी आली की जिवंतपणा संपलाच, हेही खरं नाही. फक्त तो आता ऐकून घेणाऱ्याच्या मर्जीवर उरतो.

माझं मन मात्र रांगेपाशीच घोटाळतं. आज तिथे, आणि जगातल्या बहुतेक मोठ्या उद्यानांत, जादा पैसे भरून रांग टाळण्याची सोय असते. नॉट्समध्ये तिला ‘फास्ट लेन’ म्हणतात. ज्यांच्यापाशी पैसे आहेत ते बाजूच्या वाटेने पुढे जातात. बाकीचे उन्हात उभे राहून त्यांच्याकडे पाहतात. यात धंद्याच्या दृष्टीने गैर काही नाही. पण त्याचं गणित बघा. रांग जितकी लांब आणि कंटाळवाणी, तितका हा पास जास्त खपतो. मग उभ्या माणसाचा वेळ सुखाचा करण्यात कुणाला काय फायदा? ज्या जागेचा जन्मच थांबणाऱ्यांच्या कळवळ्यातून झाला, तिथे थांबणं हाच विक्रीचा माल झाला. मनोरे आणि कोस्टर यांपेक्षा हा बदल खोलवरचा आहे.

१ जुलै २०२४ रोजी सीडर फेअर आणि ‘सिक्स फ्लॅग्ज’ या कंपन्या एक झाल्या. २७ थीम पार्क आणि १५ जलउद्यानं एका छत्राखाली आली आणि मुख्य कचेरी नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरात गेली, ब्यूना पार्कपासून देशाच्या दुसऱ्या टोकाला. त्याआधी २०२२ मध्ये सीडर फेअरने कॅलिफोर्नियातल्याच आपल्या ‘ग्रेट अमेरिका’ उद्यानाखालची जमीन ३१ कोटी डॉलरना विकली होती. इतक्या लांबून पाहिलं की उद्यान हे आधी जमीन दिसतं आणि मग उद्यान. कॉर्डेलियाला आपल्या पाहुण्यांचे चेहरे स्वयंपाकघराच्या दारातून दिसत होते. निर्णय घेणारा आणि त्याचे परिणाम भोगणारा यांच्यात जितकं अंतर पडतं, तितकी जागेची ऊब कमी होत जाते.

आषाढीला पंढरपूरच्या दर्शनबारीत माणूस कितीतरी तास उभा असतो. तरी त्याला ते उभं राहणं जाचत नाही, कारण कुणी चहाचा पेला पुढे करतं, कुणी पाणी देतं, मागचा अभंग उचलतो आणि पुढचा टाळ धरतो. तिथे थांबण्यालाही मान असतो. वॉल्टर नॉटला विठ्ठल ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण थांबलेल्या माणसाला रिकामं सोडायचं नाही, एवढं त्यालाही उमगलं होतं.

कोंबडीच्या जेवणाची ती खानावळ आजही कुंपणाबाहेर आहे. तिकीट न काढता तिथे जेवता येतं. गावाचं मूळ शाबूत आहे, ही समाधानाची गोष्ट.

आपण कुणी उद्यानांचे मालक नाही. पण दुकान, दवाखाना, शाळा, कचेरी, निदान एक घर तरी आपल्या हाती असतं, आणि आज दिवसभरात तिथे कुणीतरी आपल्यासाठी थांबलेलं असेल. खिडकीपलीकडे कागद घेऊन उभी असलेली आजी असेल, फोनवर तिष्ठत असलेलं माणूस असेल, किंवा बाबा कधी मोकळे होतील याची वाट पाहणारं पोर. त्यांचं काम लगेच होणार नसेल, तर नसू दे. पण त्यांना नावाने हाक मारा, बसायला सांगा, किती वेळ लागेल ते खरं सांगा. आणि कधी आपलं दुकान किंवा संस्था दुसऱ्याच्या हाती सोपवायची वेळ आली, तर किल्ल्या आणि हिशेबाच्या वह्यांबरोबर एवढी रीतही सांगून जा.