संयोग, समवाय आणि स्वत्व

वस्तू आपली आहे म्हणजे नेमके काय आहे, हा प्रश्न आपल्या शास्त्रकारांनी जितक्या चिकाटीने चर्चिला तितका तो आज कोणी चर्चीत नाही. खरेदीची पावती हाती आली की प्रश्न निकालात निघाला, अशी आपली समजूत झाली आहे. चालुक्य विक्रमादित्याच्या राजवटीत मिताक्षराकार विज्ञानेश्वराने असा पक्ष मांडला, की स्वत्व हे केवळ शास्त्रवचनावरून कळणारे नसून लौकिक, म्हणजे लोकव्यवहारानेच सिद्ध होणारे आहे. उत्तर कोकणात, म्हणजे आमच्या ठाण्याच्या मुलखातही, इंग्रजी अमदानीतील अदालती याच मिताक्षरेच्या जोडीला नीलकंठ भट्टांच्या व्यवहारमयूखाचा आधार घेत. महामहोपाध्याय काण्यांनी १९२६ साली त्याची टीपांसह आवृत्ती काढली. या ग्रंथांची आठवण व्हावी असे स्थळ म्हणजे संगणक दुरुस्तीचे दुकान नव्हे, हे मला मान्य आहे. परंतु झाले ते तसे.

कोपरी ही ठाण्याच्या पूर्वेची, लोहमार्ग आणि खाडी यांच्यामध्ये वसलेली वस्ती. मीठबंदराकडून येणारा खारा, दमट वारा पावसाळ्यात घरातील यच्चयावत धातूची परीक्षा पाहतो. लाखाच्या पुढे किंमत मोजून घेतलेल्या माझ्या लॅपटॉपात रॅमची एक जादा पट्टी बसवून घेतली होती. पुढच्याच पावसाळ्यात यंत्र एका सकाळी पंखा फिरवून, पडदा काळा ठेवून मुकाट बसले. स्टेशनजवळच्या दुकानातील तरुण कारागिराने मागचे झाकण उघडले, बॅटरीची जोडणी सोडवली, दोनपैकी एक पट्टी काढली आणि चार्जरवर यंत्र सुरू केले. चालले. पट्टी परत बसवली, पुन्हा अंधार. पट्ट्यांच्या जागा आलटून पालटून पाहिल्या, तेव्हा यंत्र कधी चालले, कधी नाही. कारण असता कार्य असणे आणि कारण नसता कार्य नसणे, ही अन्वयव्यतिरेकाची पद्धत नैयायिकांनी ज्या काटेकोरपणे सांगितली आहे त्याच काटेकोरपणे तो ती, नाव ठाऊक नसताना, आचरीत होता. अखेर त्याने पट्टीच्या सोनेरी दातांवरून साधा खोडरबर फिरवला, बारीक कुंचल्याने खाच झाडली, पट्टी तिरकी घालून दोन्ही खिट्ट्या टक्कन बसेपर्यंत दाबली आणि म्हणाला, "काका, रॅमपण चांगलीये, स्लॉटपण चांगलाय. कॉन्टॅक्टच नव्हता."

दोष पट्टीत नाही, खाचेतही नाही, आणि तरी तो आहे! कणादाच्या अनुयायांना, म्हणजे वैशेषिकांना, या वाक्याचे मुळीच नवल वाटले नसते. त्यांच्या मते संयोग हा एक स्वतंत्र गुण आहे. तो दोन द्रव्यांच्या आश्रयाने राहतो, उत्पन्न होतो आणि विभाग झाला की नाश पावतो. याहून निराळा तो समवाय, जो तंतू आणि पट यांच्यात असतो, जेथे संबंध तोडावयाचा तर वस्तूच मोडावी लागते. आता गेल्या काही वर्षांतील उंची लॅपटॉप पाहावेत. रॅम मदरबोर्डावरच डाख देऊन पक्की केलेली असते. त्यामागे केवळ लोभ आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रोसेसर आणि स्मृती यांतले अंतर जितके तोकडे तितका वेग जास्त आणि विजेचा खर्च कमी, यंत्रही सडपातळ होते. परंतु परिणाम असा, की जो संयोग होता त्याला समवायाचे सोंग दिले गेले. सोंग म्हणण्याचे कारण, लॅमिंग्टन रोडवरचा एखादा कसबी मनुष्य गरम हवेच्या झोताने तोच डाख वितळवून चिप अलगद उचलून दाखवतो. आणि २०२३ च्या डिसेंबरात जेडेक या मानके ठरविणाऱ्या संस्थेने कॅम-टू नावाचे जे मानक प्रसिद्ध केले, त्यात तशीच वेगवान स्मृती स्क्रूने आवळून बसवता येते व सोडवताही येते.

स्वत्वाचे एक प्रसिद्ध लक्षण यथेष्ट विनियोगाची योग्यता, म्हणजे वाटेल तसा उपयोग करण्याची मुभा, हे आहे. ही कसोटी लावली तर पट्टी बदलता येत नाही अशा यंत्राचा मी मालक की नुसता वहिवाटदार? काही वर्षांपूर्वीच्या कित्येक लॅपटॉपांत तर कंपनीच्या यादीबाहेरचे वायफाय कार्ड घातले की यंत्र सुरू होण्यापूर्वीच पडद्यावर "अनधिकृत कार्ड, काढून टाका" अशा आशयाचा हुकूम उमटे. घर माझे, आणि पाहुणा कोण यावा हे मात्र बांधणाऱ्या गवंड्याने ठरवायचे! नव्यन्यायाचा धुरंधर रघुनाथ शिरोमणी याने वरील लक्षणच नाकारले होते. त्याचे म्हणणे, उपयोग तर दुसऱ्याच्या अन्नाचाही करता येतो. तो करू नये असे जे शास्त्र सांगते त्या निषेधातच कोणाचे स्वत्व आहे हे आधी गृहीत धरलेले असते. म्हणून स्वत्व हा कशातही न विरघळणारा स्वतंत्र पदार्थच मानला पाहिजे. मला हा युक्तिवाद पूर्वी निव्वळ तर्कक्रीडा वाटे. आता वाटत नाही, कारण ज्यांनी विनियोगाचे सारे अधिकार परवान्याच्या बारीक अक्षरांत स्वतःकडे राखले, ते "वस्तू तुमचीच आहे" असेही त्याच दमात सांगतात. दोन्ही म्हणणी एकत्र नांदतात ती स्वत्व आणि विनियोग या दोन भिन्न गोष्टी असल्यामुळेच.

अवयव बदलल्यावर वस्तू तीच राहते का, हा वादही तितकाच जुना. मिलिंद राजाला नागसेनाने रथाचे एकेक अंग दाखवून रथ कोठे आहे असे विचारले होते. वैशेषिकांच्या मते एक तंतू काढला तरी जुना पट नष्ट होऊन नवा पट उत्पन्न होतो. विंडोजच्या परवान्याने मात्र हा तंटा कारकुनी शिरस्त्याने मिटवला आहे. डिस्क बदला, रॅम बदला, संगणक तोच. मदरबोर्ड बदलला की तो सहसा नवा समजला जातो आणि परवान्याची पडताळणी पुन्हा करावी लागते. आत्मा कोठे असतो याचे इतके निःशंक उत्तर कोणत्याही दर्शनाने दिल्याचे माझ्या वाचनात नाही.

येथे एखादा अध्यात्मनिष्ठ वाचक म्हणेल, की ममत्व सोडा असे संतांनी कंठरवाने सांगितले असता एका यंत्रावरील ममत्वाची ही वकिली कशाला? २०२२ च्या २४ डिसेंबरला केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ उघडले, त्याला मुमुक्षूने काय करावे? आक्षेप वजनदार आहे, पण धर्मशास्त्रानेच त्याला उत्तर देऊन ठेवले आहे. दान म्हणजे आपले स्वत्व निवृत्त करून दुसऱ्याचे उत्पन्न करणे. ज्यावर आपले स्वत्व नाही ते देणे हे दान नव्हे, आणि ते विकणे हा तर अस्वामिविक्रय, जो अठरा व्यवहारपदांत गणला आहे. त्याग करण्यापुरती तरी वस्तू पुरती आपली असावी लागते. जुन्या बाजारात कचेऱ्यांतून निघालेले लॅपटॉप स्वस्तात मिळतात. त्यांतला एखादा सर्व पुसून नव्याने सुरू करावा तर तो मूळ कंपनीच्याच खात्याची ओळख मागत बसतो. पैसे गेले, कब्जा मिळाला, आणि स्वत्व मात्र मागल्या मालकाच्या दप्तरातच राहिले.

दुरुस्त करून घेतलेल्या लॅपटॉपाच्याही आधीचा माझा लॅपटॉप शेजारच्या इमारतीतील एका विद्यार्थिनीला द्यावयाचा आहे. पूर्वी हातावर उदक सोडले की दान पुरे होई. आता डिस्क पुसावी लागते, बायोसचा परवलीचा शब्द काढावा लागतो, आणि आपल्या खात्यात शिरून यंत्रांच्या यादीतून त्याचे नाव कमी करावे लागते. पहिली दोन कामे कारागिराकडून करून घेता आली, तिसरे, तो म्हणाला, "तुमचं तुम्हालाच करायला लागेल, काका."