नायलॉनची पेरणी

२००८च्या हिवाळ्यात पिंपरी-चिंचवडमध्ये ‘ब्लॉक क्लोजर’ हा शब्द घरोघरी पोचला. गाड्यांना उठाव नाही, म्हणून ठरावीक दिवस कारखानाच बंद. त्याच सुमारास व्यवस्थापनावरच्या व्याख्यानांत एक वाक्य हमखास ऐकू येई : मंदी हीच संधी, नवं काही करायचं ते आत्ताच. ते ऐकून परतलेले साहेब पहिली कात्री मात्र प्रशिक्षणाला आणि संशोधनाला लावत.

या वाक्याचं मूळ शोधू लागलं की बोट अर्थशास्त्रज्ञ जोसेफ शुम्पेटर यांच्याकडे जातं. पडझड त्यांनी फक्त पुस्तकात पाहिलेली नव्हती. १९१९मध्ये ते काही महिने ऑस्ट्रियाचे अर्थमंत्री होते. पुढे एका बँकेचे अध्यक्ष झाले आणि १९२४मध्ये पद गेलं, पुंजीही बुडाली. १९३९च्या ‘बिझनेस सायकल्स’मध्ये त्यांनी मांडलं, की नवकल्पना थेंबाथेंबानं येत नाहीत, झुंडीनं येतात; त्या लाटेनंतरची मंदी म्हणजे जुन्यानं नव्याला जागा करून देणं. १९४२मध्ये या प्रक्रियेसाठी त्यांनी ‘सर्जनशील विनाश’ ही संकल्पना वापरली. पण मंदीत सापडलेला कारखानदार शोधाला लागतो, असं त्यांचं म्हणणं नव्हतं.

ते म्हटलं गेरहार्ड मेन्श या जर्मन अभ्यासकानं, १९७५मध्ये, म्हणजे तेलसंकटानंतरच्या मंदीत. जुन्या मालातला नफा आटला की धोका पत्करण्यावाचून गत्यंतर उरत नाही, म्हणून मूलभूत नवकल्पना मंदीतच गर्दी करतात, असा त्यांचा दावा. १९८२मध्ये ख्रिस्तोफर फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तपासला आणि त्यांना तो पटला नाही. खिशात पैसा आणि बाजारात मागणी असताना कंपन्या शोधावर खर्च करतात, असं त्यांना दिसलं. मात्र अर्थशास्त्रज्ञ अलेक्झांडर फील्ड यांनी २००३मध्ये दाखवलं, की अमेरिकेच्या विसाव्या शतकातलं तंत्रदृष्ट्या सर्वांत प्रगतिशील दशक महामंदीचं, म्हणजे १९३०चंच होतं. मग खरं काय?

मला उत्तर नायलॉनमध्ये दिसतं. मंदीचं अपत्य म्हणून त्याचं नाव नेहमी घेतलं जातं : ड्युपॉन्ट या अमेरिकन रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत ते २८ फेब्रुवारी १९३५ला तयार झालं. पण ते तयार करणाऱ्या वॉलेस कॅरोदर्स यांना कंपनीनं हार्वर्डमधून आणलं होतं १९२८मध्ये, भर तेजीत. कंपनीचे संशोधनप्रमुख चार्ल्स स्टाइन यांनी ‘लगेच काही विकायचं नाही, नुसतं समजून घ्यायचं’ अशा संशोधनासाठी १९२७मध्ये पैसा मंजूर करून घेतला होता. मंदी आल्यावर नवे प्रमुख एल्मर बोल्टन विकता येईल अशा मालाचा तगादा लावू लागले. पण प्रयोगशाळेला टाळं लागलं नाही. मृगात पेरलेलं रान कंपनीनं दुष्काळात मोडलं नाही, एवढंच. नायलॉनचे मोजे अमेरिकाभर विकायला आले मे १९४०मध्ये. कॅरोदर्स ते पाहायला नव्हते, तीन वर्षांपूर्वीच त्यांनी आयुष्य संपवलं होतं.

पेरणी तेजीतच होते, या समजुतीला टोयोटा छेद देईल, असं मला बरेच दिवस वाटत होतं. १९४९च्या चलनकपातीच्या धोरणानं जपानमधली मागणी मेली. १९५०मध्ये टोयोटा दिवाळखोरीच्या काठावर आली, दोन महिने संप चालला, हजारांहून अधिक कामगार गेले. बँकांची अट होती : जेवढं विकलं जाईल तेवढंच बनवा. साठा करायला पैसाच नसल्यामुळे कारखान्यातल्या ताइची ओनो यांना लागेल तेव्हा, लागेल तेवढाच भाग पुढे सरकवण्याची घडी बसवावी लागली. इथे तरी शोध टंचाईतून निघाला!

पण या घडीला मिळालेले ‘जस्ट इन टाइम’ हे शब्द संस्थापक किइचिरो टोयोडा यांचे, १९३८च्या कोरोमो कारखान्यातले. युद्धात ती कल्पना बाजूला पडली होती. १९५०च्या संकटानं तिला पुन्हा जमीन मिळाली. कामगार कमी केल्याची जबाबदारी घेऊन किइचिरो यांनी जून १९५०मध्ये राजीनामा दिला. त्याच महिन्यात कोरियाचं युद्ध पेटलं आणि अमेरिकन लष्कराच्या ट्रकच्या मागण्या येऊ लागल्या. पुढे कंपनीनं त्यांना अध्यक्ष म्हणून परत बोलवायचं ठरवलं. पण ती खुर्ची घेण्याआधीच, मार्च १९५२मध्ये, ते वारले.