खरा श्रीमंत कोण?

आपल्या शास्त्रकारांनी धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष असे चार पुरुषार्थ सांगितले आहेत. धन हे मुळातच त्याज्य असते, तर अर्थाची गणना पुरुषार्थांत झाली नसती. मात्र अर्थाच्या आधी धर्माला स्थान दिले, यातच सारे मर्म आहे. धन किती आहे हे पाहण्यापूर्वी ते कोणत्या मार्गाने आले व त्यावर कोणाकोणाचा हक्क आहे, हे पाहावे लागते.

लोकव्यवहारात ज्याच्याजवळ घरदार, जमीनजुमला व सोनेनाणे आहे आणि चार लोक ज्याचे देणे लागतात, त्यास श्रीमंत म्हणतात. या अर्थाने देहूचे श्री तुकाराम महाराज संपन्न घराण्यातच जन्मले. घरी व्यापार होता, महाजनकी होती, सावकारीही होती. पुढे सन १६३० ते १६३२ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. व्यापार बुडाला. प्रथम पत्नी व पुत्र यांचा वियोग घडला. घरात उरली ती कुळांची खतपत्रे. ज्यांची चूल पेटत नाही, त्यांच्याकडील येणे म्हणजेच आपली श्रीमंती, हे तुकोबारायांच्या अंतःकरणास मानवेना.

परंपरा असे सांगते, की त्यांनी सर्व खते बाहेर काढली व त्यांचे दोन वाटे केले. धाकटे बंधू कान्होबा यांचा वाटा त्यांच्या स्वाधीन केला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीच्या डोहात सोडून दिली.

खते डोहात सोडल्याची कथा सर्वांच्या स्मरणात राहते. दोन वाटे केल्याची कथा मात्र सहज विसरली जाते. वास्तविक त्यागाची खरी शुद्धता तेथेच आहे. स्वतःचे वैराग्य त्यांनी भावाच्या प्रपंचावर लादले नाही. जे निःसंशय आपले होते, तेवढेच त्यांनी सोडले.

हीच दृष्टी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या चरित्रात राजवैभवाच्या मध्यभागी दिसते. सन १७६७ ते १७९५ या काळात नर्मदातीरी महेश्वर येथून त्यांनी राज्यकारभार पाहिला. सन १७८० मध्ये काशीविश्वेश्वराचे मंदिर त्यांनी पुन्हा उभारले. गयेचे विष्णुपद मंदिर बांधले. ठिकठिकाणी घाट, विहिरी व धर्मशाळा उभ्या केल्या. होळकर दौलतीत राज्याचा महसूल आणि घराण्याचे खासगी उत्पन्न यांचे हिशेब वेगळे ठेवले जात. देवीश्रींनी आपला धर्मादाय या खासगी उत्पन्नातून केला. राज्याच्या तिजोरीची किल्ली हाती असताना तिला प्रजेची ठेव मानणे, हे मोठ्या मनाचे लक्षण होय.

एकाने सोडले, दुसरीने सांभाळून वाटले. दोघांनीही प्रथम आपले कोणते आणि दुसऱ्याचे कोणते, हे पारखून घेतले. जे न्यायाने आपले आहे आणि जे प्रसन्न चित्ताने हातावेगळे करता येते, तेवढेच धन खऱ्या अर्थाने आपले. ज्याचे असे धन मोठे, तो श्रीमंत. उरलेल्या संपत्तीचे आपण केवळ राखणदार आहोत.

तीर्थक्षेत्री येणाऱ्या प्रत्येक भाविकाच्या मनात श्रीचरणी काही अर्पण करावे, अशी इच्छा असते. ती मंगलच आहे. परंतु कामकऱ्याची थकलेली मजुरी, वृद्ध मातापित्यांचे औषधपाणी, लेकरांचे शिक्षण आणि घेतलेले ऋण हे इतरांचे वाटे आहेत. ते ज्याचे त्यास पोहोचविणे, ही दानाची पहिली पायरी होय. कर्ज काढून वाहिलेल्या सुवर्णमुकुटापेक्षा कष्टाच्या कमाईतील एक रुपया अधिक निर्मळ. ज्यास आज काहीच अर्पण करणे शक्य नाही, त्याने संकोच बाळगू नये. दोन हात आणि तिसरे मस्तक प्रत्येकाजवळ आहे. ज्यांच्यावर लक्ष्मीची कृपा आहे, त्यांनी आपल्या वाट्यातून सढळ हाताने द्यावे व दिल्यानंतर ते विसरून जावे.

दारी आलेला विन्मुख जाऊ नये आणि कोणाचे देणे शिरावर राहू नये, एवढी संपन्नता प्रत्येक घरी नांदो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥