टपालखर्च वेगळा

जुन्या मराठी मासिकांच्या मलपृष्ठांवर पुस्तकांच्या जाहिराती येत. त्यांत किंमतीच्या आकड्याला लागूनच बारीक अक्षरांत "ट. ख. वेगळा" असे छापलेले असे. वाचकाला पहिल्याच दृष्टिक्षेपात कळे की तीन रुपयांचे पुस्तक घरी येईपर्यंत साडेतीन रुपयांचे होणार. परवडले तर मनीऑर्डर करावी, न परवडले तर पान उलटावे. आज तेच पुस्तक मोबाइलच्या पडद्यावर १८० रुपयांस दिसते. आपण ते निवडतो, नाव लिहितो, पत्ता लिहितो, फोन नंबर देतो, पिनकोड घालतो, आलेला सांकेतिक अंक भरतो, आणि पैसे देण्याच्या अगदी शेवटच्या पायरीवर समजते की पाठवणीचे ९५ रुपये निराळे. मग चिडचिड होते. कित्येकजण तिथेच मोबाइल बाजूला ठेवून देतात.

ही चिडचिड न्याय्य आहे काय? प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण थोडे खोल गेलो तर त्याच्या तळाशी एक जुनाच नैतिक प्रश्न आढळतो. दूर राहण्याचा खर्च कोणी सोसावा? जो दूर राहतो त्याने, जो विकतो त्याने, की सर्वांनी मिळून?

या चिडचिडीत दोन गोष्टी एकत्र गुंतलेल्या आहेत. पहिली म्हणजे खर्च शेवटपर्यंत झाकून ठेवणे. हिच्याविषयी वाद घालण्याचे कारण नाही. चार पायऱ्या चढून आलेला माणूस पाचव्या पायरीवरून सहसा परत फिरत नाही, हे विक्रेत्याला पक्के ठाऊक असते आणि त्या थकव्यावरच तो आपला हिशेब मांडतो. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहक संरक्षणाची जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांत अशा तेरा फसव्या रीती नमूद आहेत. किंमत थेंबाथेंबाने उघड करणे ही त्यांपैकी एक. गिऱ्हाइकाने न मागितलेली वस्तू हळूच त्याच्या टोपलीत टाकणे ही दुसरी. येथे राग धरणे योग्यच आहे.

दुसरी गोष्ट मात्र निराळी आहे. खर्च लपवला म्हणून नव्हे, तर खर्च आहे म्हणूनच आपल्याला राग येतो. येथे थोडे थांबावे. खानापूर तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातील बाई लुगडे घ्यायला बेळगावला जाई, तेव्हा एस.टी.चे जाण्यायेण्याचे भाडे, बुडालेला दिवसाचा रोज आणि मुलाने हट्ट धरला म्हणून घेतलेली भजी हे सारे त्या लुगड्याचेच मोल होते. पण ते कोणी पावतीवर लिहीत नसे. ते तिच्या पायांतून आणि तिच्या दिवसातून वसूल होई. आज दुसऱ्या कोणाचे पाय चालतात, दुसऱ्या कोणाचे पेट्रोल जळते आणि त्याचा आकडा आपल्यापुढे येतो. खर्च नवा नाही, तो दिसू लागला आहे इतकेच.

आणि हा दिसलेला आकडा आपल्याला नकोसा वाटतो, हे जाणूनच बाजाराने "मोफत घरपोच" हा शब्द पुढे केला. हा शब्द मला पाठवणीच्या ९५ रुपयांपेक्षा अधिक खटकतो. मोफत म्हणजे कोणाच्या पदरचे? कधी तो खर्च वस्तूच्या किंमतीतच मिसळलेला असतो. मग गोदामाच्या शेजारच्या गल्लीत राहणारा मनुष्य नकळत दूरच्याचे भाडे भरतो. कधी लहान विक्रेत्याच्या नफ्यातून तो कापला जातो. कधी अमुक रकमेच्या वर खरेदी केली तरच पाठवणी मोफत, अशी अट असते, आणि मग चाळीस रुपये वाचविण्यासाठी दीडशे रुपयांचा नको असलेला टॉवेल घेतला जातो. आपल्यापैकी पुष्कळजण एकच सदरा दोन मापांत मागवून बसेल तो ठेवतात आणि दुसरा परत धाडतात. त्या दुसऱ्या सदऱ्याचा जाण्यायेण्याचा प्रवास कोणीतरी भरतोच.

या साखळीतला शेवटचा मनुष्य म्हणजे आपल्या दारात उभा राहणारा मुलगा. पुष्कळ ठिकाणी त्याला महिन्याचा पगार नसतो, पोहोचविलेल्या नगामागे पैसे मिळतात. गाडी त्याची आणि पेट्रोलही त्याचे. दार बंद असले तर ती खेप फुकट. अशा कामगारांची कायद्यात नोंद व्हायलाच फार वर्षे लागली. राजस्थानने २०२३ मध्ये त्यांच्यासाठी पहिला कायदा केला, आणि केंद्राची २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तीनुसार अशा कंपन्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम या कामगारांच्या निधीत घालावयाची आहे. हे चांगलेच झाले. परंतु चार दिवस उशीर झाला म्हणून याच मुलावर जिन्यात ओरडणारे सुशिक्षित लोक पाहिले म्हणजे वाटते, संहितेच्या कलमांत न मावणारेही काही देणे असते.

तर मग न्याय कोठे आहे? ज्याला जितके अंतर, त्याने तितके भाडे, हा एक न्याय. तो सरळ आहे आणि त्यात लबाडी नाही. पण माणसांनी एकदा विचारपूर्वक तो बाजूला ठेवला होता, आणि ती हकीकत आजही उपयोगी पडण्यासारखी आहे.

इंग्लंडमध्ये १८४० पूर्वी पत्राचे हशील अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे, आणि बहुधा ते पत्र घेणाऱ्याला द्यावे लागे. कवी कोलरिजची एक गोष्ट सांगतात. एका गरीब बाईला भावाचे पत्र आले. हशील एक शिलिंग. तिने ते नाकारले. कोलरिजला दया आली व त्याने पैसे भरले. टपालवाला गेल्यावर बाईने दाखविले की आत कोरा कागदच होता. पत्र आले म्हणजे भाऊ खुशाल आहे, एवढा संकेत दोघांत ठरलेला होता. रोलंड हिलने १८३७ मध्ये लिहिलेल्या पुस्तिकेत टपालाचा सारा हिशेबच उलगडून दाखविला. लंडनहून एडिंबरोला एक पत्र वाहून नेण्याचा प्रत्यक्ष खर्च त्याने काढला, तो एका पेनीचा छत्तिसावा भाग. खरा खर्च अंतराचा नव्हताच. तो होता दारोदारी जाऊन हशील गोळा करण्याचा आणि त्याच्या हिशेबाचा. म्हणून हशील आगाऊ घ्यावे आणि सर्वत्र एकच ठेवावे, असे त्याने सुचविले. १० जानेवारी १८४० पासून एका पेनीत पत्र देशभर जाऊ लागले.

आपल्याकडे १८५४ पर्यंत कलकत्त्याहून मुंबईस एक तोळा वजनाचे पत्र धाडायला एक रुपया पडे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा झाला, मग ते कलकत्त्याहून शेजारच्या जिल्ह्यात जावो की मुंबईला.

ही हकीकत केवळ परोपकाराची म्हणून सांगितली जाते, ते मला पटत नाही. हिल हिशेबी मनुष्य होता. त्याची मूळ सूचना अशी होती की एकच दर मोठ्या टपालगावांपुरता असावा, आणि तिथून पुढे लहान खेड्यांत पत्र नेण्याचा खर्च त्या त्या जागेने वेगळा सोसावा. आजचा कुरियरवालाही हेच म्हणतो की शहरापर्यंत स्वस्त, पुढचे शेवटचे दहा कोस महाग. पुढे राज्यकर्त्यांनी हा भेद टाकून दिला आणि खेड्यालाही तोच दर लावला. तेथे हिशेब संपला आणि नीती सुरू झाली. एकाच देशातील माणसांनी एकमेकांना लिहावे, आणि त्यासाठी जवळच्याने दूरच्याचा भार थोडा उचलावा, असा तो निर्णय होता.

तथापि जे पत्राला लागू ते पलंगाला लागू नाही. पलंग वाहून न्यायला खरोखरच ट्रकमध्ये जागा लागते. उशीसारखी हलकी वस्तूही जागा अडविते, म्हणून कुरियरवाले लांबी, रुंदी व उंची यांचा सेंटीमीटरमधील गुणाकार पाच हजाराने भागून एक मानीव वजन काढतात, आणि खऱ्या वजनापेक्षा ते अधिक भरले तर त्यावर पैसे घेतात. अर्धा किलोच्या उशीला तीन किलोचे भाडे पडले म्हणून गिऱ्हाईक कपाळाला हात लावतो. पण ट्रकच्या दृष्टीने ते खोटे माप नव्हे.

खोटे वाटते ते दुसरेच. काही कुरियर कंपन्या राज्यांतर्गत एक दर आणि राज्याबाहेर दुसरा दर ठेवतात. कोल्हापूरहून नागपूर रस्त्याने सातशे किलोमीटरहून अधिक, तरी ते राज्यांतर्गत. कोल्हापूरहून बेळगाव शंभर-सव्वाशे किलोमीटर, पण ते राज्याबाहेर. अंतराचा न्याय सांगायचा आणि नकाशावरच्या रेघेचे पैसे घ्यायचे, याला काय म्हणावे?

पिनकोडचेही असेच नवल वाटते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी. गावांची नावे सारखी, लिपी अनेक, अक्षर वाचता न येणारे. अशा देशात कोणतेही पत्र चुकू नये म्हणून ते सहा अंक योजले गेले. गोवा, इंदूर, ग्वाल्हेर चारच्या विभागात, बेळगाव व हैदराबाद पाचच्या, बडोदे तीनच्या. आज तेच सहा अंक आपल्याला सर्वांत आधी विचारले जातात, आणि कित्येक गावांच्या वाट्याला उत्तर येते की या पिनकोडवर माल पोहोचविला जात नाही.

आपणां विखुरलेल्या मराठी वाचकांना हा प्रश्न सर्वांत अधिक बोचतो तो पुस्तकांच्या बाबतीत. पुण्यातल्या माणसाला पाठवणी महाग वाटली तर तो चालत दुकानात जाईल. हैदराबादच्या एखाद्या म्हाताऱ्या शिक्षिकेला मोठ्या टाइपातले मराठी पुस्तक हवे असेल तर ती कोठे चालत जाणार? तिच्यासाठी ९५ रुपये म्हणजे सोयीचे मोल नव्हे, ती आपली भाषा वाचण्यावरची पट्टी आहे. पुढच्या पिढीचे वाचन अशाच पट्टीपाशी थांबते. बालगोष्टींचे पुस्तक ६० रुपयांचे आणि पाठवणी त्याहून अधिक, मग आई म्हणते, राहू दे, इंग्रजी पुस्तक इथेच मिळते.

टपालखात्याची नोंदणीकृत बुकपोस्ट ही या बाबतीत मोठी आधाराची सोय होती. पाच किलोपर्यंतचा पुस्तकांचा गठ्ठा सुमारे ८० रुपयांत देशात कोठेही जाई. १८ डिसेंबर २०२४ रोजी ती बंद झाली. प्रकाशकांनी व वाचकांनी बरीच ओरड केली, आणि १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट नावाची नवी सेवा आली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. अंतर कितीही असो, दर एकच. नियतकालिके आणि व्यापारी स्वरूपाचे छापील साहित्य तीत चालत नाही. गठ्ठा रस्त्याने वा रेल्वेने जातो, त्यामुळे वेळ लागतो.

कोणी विचारील, पुस्तकांनाच हे कौतुक का? चपलांना का नको? उत्तर देणे सोपे नाही, कारण चपलेवाचून माणूस अडतो आणि कादंबरीवाचून अडत नाही. माझे मत असे की चपला हैदराबादेतही मिळतात. जी वस्तू त्या जागी मिळणे शक्यच नाही, आणि जिच्यावाचून एखादा समाज हळूहळू मुका होतो, तिचा प्रवास सरकारी तिजोरीतून थोडा सोपा करावा. बाकीच्या वस्तूंचे भाडे ज्याचे त्याने भरावे, विक्रेत्याने ते पहिल्याच ओळीत सांगावे आणि आपण कुरकुर न करता द्यावे. सवलतीवर सगळा भार टाकण्याचेही कारण नाही. दोनशे पानांचे पुस्तक साधारण पाव किलोचे असते. एकट्याने मागविले तर अर्ध्या किलोच्या दरातील अर्धी जागा रिकामी जाते. दहा घरांनी मिळून एक गठ्ठा मागविला तर प्रत्येकी दहा-बारा रुपयांत काम होते. पूर्वी वाचनालये हेच करीत.

मात्र येथेही एक अडचण आहे. गेल्या वर्षी एका पुस्तकविक्रेत्याला मी फोनवर विचारले की कुरियरऐवजी ज्ञान पोस्टने पाठवाल का. ते अगदी सौजन्याने म्हणाले, "साहेब, कुरियरचा मुलगा दुकानात येऊन गठ्ठा घेऊन जातो. पोस्टात आमच्या माणसाला तासभर रांगेत उभे राहावे लागते, आणि आमच्याकडे माणूस एकच." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. तो तास कोणाच्या खात्यावर लिहावा, याचे उत्तर मला त्या वेळी देता आले नाही. शेवटी मी त्यांना म्हणालो की तासाचे म्हणून तीस रुपये धरा, पण ते बिलावर वेगळ्या ओळीत लिहा. त्यांनी लिहिले, आणि गठ्ठा नवव्या दिवशी आला.