स्वस्त प्रवासाचे ऋण

थोड्या द्रव्यात दूरचा देश पाहून येणे ही आजच्या सुशिक्षित तरुणांत प्रतिष्ठेची गोष्ट झाली आहे. आमच्या राजोडीसारख्या समुद्रकाठच्या गावातही नोकरीस नुकतीच लागलेली मुले जपानास जाण्याचे बेत करताना आढळतात. आणि तेथे काय पाहावयाचे यापेक्षा किती कमी खर्चात पाहावयाचे याचीच चर्चा त्या बेतांत अधिक असते. काटकसर हा मध्यम स्थितीतील कुटुंबांचा कुलधर्मच असल्यामुळे घरची वडील माणसेही तिचे कौतुक करतात. या कौतुकास नाव ठेवण्याचा आमचा हेतू नाही. परंतु प्रवास स्वस्त झाला म्हणजे त्याचा खर्च खरोखर नाहीसा झाला, की तो दुसऱ्या कोणाच्या खाती पडला, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

काटकसरीचा एक प्रकार सर्वस्वी निर्दोष आहे. जपानी रेल्वेचे ‘सेइशुन 18’ या नावाचे एक हंगामी तिकीट 1982 साली निघाले. नावात तारुण्य व अठरा वर्षे असली, तरी ते कोणत्याही वयाच्या माणसास मिळते. त्यावर ठराविक दिवस देशभर हिंडता येते. अट एवढीच की, वेगवान गाड्यांत न बसता साध्या गाड्यांनी जावे. येथे प्रवासी पैसा वाचवितो व त्याऐवजी वेळ देतो. दुकानातील भाताचा गोळा खाऊन जेवण भागविणारा किंवा खाटेपुरत्या जागेत रात्र काढणारा मनुष्यही ठरलेली किंमत देऊन आपलीच गैरसोय सोसतो. यात कोणाचेच नुकसान नाही.

दुसरा प्रकार मात्र निराळा आहे. फुजी पर्वतावर चढणाऱ्यांसाठी वाटेत मुक्कामाच्या झोपड्या आहेत. त्यांचे भाडे वाचविण्यासाठी, किंवा वेळ वाचविण्यासाठी म्हणा, अनेक लोक न थांबता रात्रभर चढत, आणि थंडीने व थकव्याने व्याकूळ होऊन वाटेवरच आडवे होत. अशांची काळजी अखेर झोपडीवाल्यांस व मदतनिसांस वाहावी लागे. म्हणून 2024 साली यामानाशी प्रांताने आपल्या बाजूच्या वाटेवर फाटक बसविले, 2,000 येन शुल्क ठेवले, दिवसाची संख्या 4,000 वर आणली, आणि मुक्कामाची सोय न केलेल्यांस दुपारी चारपासून पहाटे तीनपर्यंत वर जाण्यास मनाई केली. ज्यांनी खर्च टाळला, त्यांचा खर्च इतरांनी प्रथम श्रमाने व मग नियमाने भरला. पहिल्या प्रकारास आम्ही काटकसर म्हणू; दुसऱ्यास ते नाव देता येणार नाही.

यावर कोणी म्हणेल की, मग गरिबाने प्रवासच करू नये काय? द्रव्यवान तेवढा चांगला पाहुणा, हा न्याय आम्हांसही मान्य नाही. जगातील थोर प्रवास बहुधा रिकाम्या खिशानेच झाले आहेत. आपल्याकडील धर्मानंद कोसंबी यांचेच उदाहरण घ्यावे. गोव्यातील साखवाळ येथील हा तरुण 1899 साली ज्ञानाच्या ओढीने घराबाहेर पडला. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ आणि 1902 साली सिंहलद्वीप, पुढे ब्रह्मदेश, असा त्याचा प्रवास झाला. काशीस अन्नछत्रात जेवून त्याने संस्कृताचा अभ्यास केला. पुढे भिक्षुवेषात तर भिक्षेवरच निर्वाह केला. ‘निवेदन’ या आत्मवृत्तात हे सर्व त्यांनी साध्या शब्दांत सांगितले आहे. पैशाच्या हिशेबाने याहून स्वस्त प्रवास तो कोणता? परंतु त्या प्रवासाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कलकत्त्यास अधिक वेतन मिळण्याजोगे असता त्यांनी सयाजीराव महाराजांचे दरमहा पन्नास रुपये पत्करले. अट ही की, महाराष्ट्रात राहावे व वर्षास एक पुस्तक लिहावे. पुढे पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली भाषा शिकविली. वाटेत अनोळखी माणसांनी घातलेल्या घासांची फेड पुढच्या पिढ्यांना अशी पोचली. ज्याने घातले त्यालाच परत करावे असे या ऋणाचे बंधन नाही. ते कोठे तरी फेडले जावे एवढेच बंधन आहे.

जपानातील शिकोकू बेटावर कोबो दाइशी या सत्पुरुषाच्या नावाने अठ्ठ्याऐंशी मंदिरांची यात्रा चालते. वाटेवरचे गावकरी यात्रेकरूस फळे, चहा, कधी पैसेही देतात. त्यास ‘ओसेत्ताइ’ म्हणतात. यात्रेकरू ते नाकारीत नाही, आणि आपले नाव लिहिलेली चिठ्ठी देणाऱ्याच्या हाती ठेवतो. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यास भाकरी वाढणाऱ्या गावांची ज्यांस ओळख आहे, त्यांस याचा अर्थ निराळा सांगावयास नको. देणारा वारीत आपलाही वाटा आहे असे समजून देतो. तीच भाकरी, वारीशी काही कर्तव्य नसता, केवळ जेवणाचे पैसे वाचले म्हणून जो खाईल, त्याने देणाऱ्याचे दान न घेता त्याचा भाबडेपणा घेतला, असेच म्हणावे लागेल.

प्रवासाची ही परीक्षा आमच्या मुलखाला नवीन नाही. राजोडीहून जवळच असलेल्या सोपाऱ्यास 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. तो आज मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. योगायोग असा की, तो आठव्या लेखाचा तुकडा आहे, आणि त्या लेखाचा विषयच मुळी प्रवास हा आहे. पूर्वीचे राजे मृगया व करमणूक यांसाठी विहारयात्रा करीत. अशोकाने राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीस जाऊन धर्मयात्रा सुरू केल्या. त्यांत ब्राह्मण-श्रमणांचे दर्शन व त्यांस दान, वृद्धांची भेट व त्यांस धन, आणि खेड्यापाड्यांतील लोकांशी भेटून धर्माविषयी बोलणे, एवढ्या गोष्टी तो सांगतो, आणि अधिक आनंद यातच आहे असेही म्हणतो. दान व धन राजास शक्य होते, आमच्या तरुणांस नाही. परंतु भेट, विचारपूस व ऐकून घेणे यांस द्रव्य लागत नाही. आणि विहारयात्रा व धर्मयात्रा यांतील भेद अखेर येथेच आहे.

हे समजण्यास जपानपर्यंत जाण्याचीही गरज नाही. रविवारी राजोडीच्या किनाऱ्यावर मुंबईकडून माणसे येतात. कोणी लोकलने व बसने येतो, घरची शिदोरी सुरूच्या सावलीस बसून खातो, केरकचरा पिशवीत भरून परत नेतो. गावास त्याच्याकडून फार तर एका शहाळ्याचे पैसे मिळतात, तरी तो पुन्हा आला तर आम्हांस आनंदच वाटतो. कोणी मोटारीने येतो, भरपूर खर्च करतो, आणि वाळूत बाटल्यांच्या काचा सोडून जातो. सोमवारी सकाळी त्या उचलण्याचे काम गावातील कोणाच्या तरी वाट्यास येते. या दोघांत महाग प्रवास कोणाचा व स्वस्त कोणाचा, हे ज्याच्या त्याच्या खिशावरून ठरवू लागलो तर उत्तर उलटेच येईल.

म्हणून जपानास निघालेल्या तरुणास आमचे एवढेच सांगणे आहे की, काटकसर मनसोक्त करावी. परंतु वाचविलेल्या प्रत्येक रुपयास तो कोणाचा होता हे विचारावे. आपल्या सुखातून वाचला असेल तर तो आपला. दुसऱ्याच्या झोपेतून, श्रमातून किंवा भिडेतून वाचला असेल तर ते कर्ज आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसास चांगला पाहुणा कोणता हे पुस्तकातून शिकावे लागत नाही; परक्या किनाऱ्यावर गेल्यावर ते विसरू नये, एवढेच त्याच्याकडून मागणे.